चिमटीत मावतात चार तारा

उभ्या सुरतेत स्वतःचं डोकं इतक्या कंजूषपणे वापरणारा माणूस माझ्या आतोबांखेरीज दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर लोकांनी त्याला वेड्यात काढून केव्हाच गावी पाठवून दिलं असेल. आतोबा म्हणजे माझ्या मोठ्या आत्याचे यजमान. धुळ्याकडून अठराव्या वर्षी आले, लिंबायतच्या एका गल्लीत खाली एक खोली आणि वर पत्र्याची एक, एवढ्यात संसार केला आणि चाळीस वर्षं लूमच्या खात्याखात्यातून, म्हणजे छोट्या कारखान्यांतून, बीम जोडत हिंडले. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बीम म्हणजे लूमवरचा उभ्या धाग्यांचा भला मोठा रूळ. तो संपत आला की नवा चढवतात, आणि जुन्या रुळाच्या हजारो तारांना नव्या रुळाच्या हजारो तारा एकेक करून हातानं बांधाव्या लागतात. धाग्याला इथं तार म्हणतात. बोटांना राख लावायची, दोन तारा चिमटीत घ्यायच्या, पीळ द्यायचा, सोडायच्या, पुढच्या घ्यायच्या. ती राख आतोबा एका छोट्या कापडी पिशवीत कमरेला बांधून फिरत. एक तार चुकली की पुढं कापडभर रेघ. तुमच्या अंगावरच्या साडीत ती रेघ नसते, त्याचं श्रेय तुम्ही कुणाला देता? दुकानदाराला. असो. पत्रकं लिहिण्याची सवय आहे, मध्येच उफाळते.

तर या चिमटीतूनच आतोबांनी आपलं सगळं तत्त्वज्ञान काढलं होतं. ते म्हणत, "डोक्यालासुद्धा चिमूट असते बरं का. तिच्यात चार तारा मावतात. पाचवी घ्यायला गेलं की पहिली सुटते, आणि सुटली ते कळतसुद्धा नाही." आणि पुढं, "गाठ एकदा बसली की ती तार धरून ठेवावी लागत नाही. ती आपली आपण कापडात जाते. मग चिमूट मोकळी." आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सांगताना ते हमखास बोट वर करत, "नवी तार जुन्या तारेलाच बांधायची. हवेत गाठ बसत नाही." एवढ्या तीन वाक्यांवर त्यांनी जन्म काढला. हे तिन्ही सिद्धांत ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातील अशा आवाजात सांगत, कारण लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान पंचविशीतच गेले होते आणि आपण कुजबुजतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

चिमूट मोकळी राहावी म्हणून माणूस काय काय टाकून देऊ शकतो याला मर्यादाच नव्हती. आतोबांना स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. घरचा फोन नंबर माहीत नव्हता. तीस वर्षं शेजारी राहणाऱ्याला ते "उजवीकडचा" म्हणत, पलीकडच्याला "डावीकडचा", आणि एकदा उजवीकडच्यानं खोली बदलून डावीकडे घेतली तर महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत, कारण नव्यानं शिकावं लागलं असतं; पुढंही त्याला उजवीकडचाच म्हणत राहिले. आम्ही तिघी भाच्या म्हणजे "मोठी", "मधली" आणि मी "भांडणारी". लग्नाकार्यात कुणी एका दमात विचारलं, "आतोबा, जेवलात का, गाडी कितीची आहे, आत्या कुठंय?" तर ते शांतपणे "जेवलो" म्हणून चालू लागत. बाकीचे दोन प्रश्न त्यांच्या लेखी खाली पडलेले असत. "ते हिला विचारा," असं फार तर मागं न बघता सांगत. आणि मागं आत्या असायचीच. तिला सगळं माहीत असे. कुणाची मुलगी कुठं दिली, कुणाचं वर्षश्राद्ध कधी, सिलेंडरचा नंबर कधी लावायचा, कोणत्या पुतण्याला शेंगदाणा चालत नाही, उजवीकडच्याची चावी कुठल्या डब्यात आहे. आम्ही हसायचो. म्हणायचो, आतोबांचं विसरणं कसं कधी नडत नाही बघा. या "कसं" चं उत्तर आमच्या नाकासमोर चुलीपाशी बसलेलं होतं आणि आम्हाला, म्हणजे बायकांच्या हक्कांवर दोन पत्रकं लिहिलेल्या मलासुद्धा, ते दिसलं नाही.

खात्याच्या सुटीच्या दिवशी दुपारी आतोबा वरच्या पत्र्याच्या खोलीत वर्ग घेत. लूमवरचे कारीगर, साड्यांना टिकल्या लावणाऱ्या बायका, असे दहा-अकरा जण गुजराती वाचायला शिकायला येत. आमच्या खानदेशी माणसाचं इथं असं होतं की, शाळेत गेला असला तर थोडी मराठी अक्षरं येतात, आणि शहरात मात्र बसपासून रेशनच्या दुकानापर्यंत सगळं गुजरातीत. त्या खोलीच्या भिंतीत आतोबांनी अकरा खुंट्या ठोकल्या होत्या. आत आल्यावर प्रत्येकानं आपल्याजवळची एक वस्तू, पिशवी, डबा, चावी, काय असेल ते खुंटीला अडकवायचं आणि त्या वेळी डोक्यात असलेली काळजी मोठ्यानं सांगायची. "सासूचं ऑपरेशन." "मुलगा बोलत नाही." "मुकादम." असं म्हणायचं आणि बसायचं. "इथं टांगा. कुणी चोरत नाही. जाताना आपापली घेऊन जा." एक पोक्त कारीगर दर वेळी येऊन "बायको" म्हणून टोपी टांगायचा. पुढं त्याची बायकोही वर्गात यायला लागली, त्याच्या शेजारच्या खुंटीला पिशवी अडकवून ती म्हणाली, "हाच." वर्ग पाच मिनिटं हसत होता. आतोबांना ऐकू आलं नव्हतं, पण तेही हसले.

पहिल्या दिवशी फक्त चार अक्षरं. न, ग, र, म. "टोपी काढलेली मराठीच आहे ही," ते सांगत, म्हणजे वरची रेघ पुसायची. चार अक्षरांत नगर होतं, गरम होतं, नरम होतं, मगर होते. पाचवं अक्षर कुणी मागितलं तर ते रागावत. टिकल्या लावणारी एक बाई दुसऱ्याच दिवशी पर्वत पाटियाच्या थांब्यावर बसमध्ये बसली आणि पाटीवर, दुकानावर, भिंतीवर जिथं तिथं "नगर" वाचत सुटली. या शहरात दर दुसरी वस्ती कुठलं तरी नगर आहे. वाचता वाचता तिचा थांबा मागं पडला, शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरनं उठवलं तर ही रडत होती. त्याला वाटलं पाकीट मारलं. आणि शिकवता शिकवता कुणाचे डोळे जड झाले, की आतोबा म्हणत, "खातं बंद!" आणि सगळ्यांना दहा मिनिटं चटईवर आडवं करत. बारा तास मशीनसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला रागावून काही शिकवता येत नाही. ही साधी गोष्ट त्यांना कळत होती, आणि जे लोक आमच्या माणसांना "यांच्या डोक्यात काही शिरतच नाही" म्हणतात त्यांना ती कळत नाही. शिरेल कसं? तुम्ही दाराशी बारा तास लूम लावून ठेवलाय.

माझीही त्यांनी एकदा जिरवली. मी लूम कामगारांच्या प्रश्नांवर गुजरातीत पत्रक काढलं होतं. एकोणीस मागण्या, दोन्ही बाजूंनी, बारीक टायपात. मला त्याचा फार अभिमान होता. आतोबांनी ते वर्गातल्या एका बाईला वाचायला दिलं. तिनं दोन्ही बाजू अक्षर अक्षर लावून वाचल्या, घाम पुसला.

"काय लिहिलंय?" आतोबांनी विचारलं.

"खूप चांगलं लिहिलंय."

"पण काय?"

ती माझ्याकडे बघून ओशाळली. "खूप," म्हणाली.

मी तणतणले. म्हटलं, एकोणीसच्या एकोणीस मागण्या खऱ्या आहेत, यातली कुठली सोडू? आतोबा म्हणाले, "सोडू नको. टांगून ठेव. एक दे, ती गाठली की दुसरी दे." मी म्हटलं, अशानं क्रांती व्हायला तीनशे वर्षं लागतील. त्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी चिमटीत घेतलं नाही.

मग त्यांचा श्वास आखडायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाट रस्त्यावर, मग बसल्या जागी. हॉस्पिटलात सांगितलं की फुप्फुसं आकसली आहेत, फार तर काही महिने. कारणाच्या जागी वय लिहिलं. चाळीस वर्षं त्या खात्यांमधून काय काय नाकातोंडात गेलं त्याला तिथं रकाना नव्हता. मी भांडले, नेहमीसारखी, आणि नेहमीसारखंच मला बाहेर बसवलं गेलं. पण खरी चीड मला त्या दिवशी आली नाही. ती आली घरी सोडलं त्या दिवशी. ऑक्सिजनचं मशीन, मोठा सिलेंडर, तोंडात मारायचा पंप, गोळ्या असा सगळा सरंजाम देऊन सिस्टरनं आत्याला समोर उभं केलं आणि एका श्वासात सुरू केलं, "जुओ बेन, आ गोळी सवारे, आ सांजे, आ जम्या पछी..." ही सकाळी, ही संध्याकाळी, ही जेवल्यावर, काटा दोनवर ठेवायचा, बाटलीतलं पाणी रेघेपर्यंत, जाळी आठवड्याला धुवायची, जवळ काडी ओढायची नाही, वीज गेली तर सिलेंडर, पंपानंतर गुळणी, पंधरा दिवसांनी परत यायचं, कुठल्या मजल्यावर, कुठल्या खिडकीत. आत्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती. रिक्षात मी विचारलं, काय काय लक्षात राहिलं? ती म्हणाली, "बेन भली होती." आणि मग खाली बघून, "मले हाई जमाव नही. मन्हं डोकं भरेल शे."

भरलेलं आहे. माझं डोकं भरलेलं आहे. हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. आणि त्याच क्षणी मला कळलं की अर्ध्या गल्लीला वाचायला शिकवणाऱ्या या माणसानं चाळीस वर्षांत स्वतःच्या बायकोला एक अक्षर शिकवलेलं नाही. ती बसची पाटी वाचू शकत नव्हती. एकटी हॉस्पिटलात कधी गेली नव्हती. मूलबाळ नाही. मी राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला. हा माणूस उद्या नसणार, आणि आजपासून त्याचा श्वास हिच्या हातात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसून, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, म्हणजे गल्लीसकट सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आत्याला का नाही शिकवलंत?"

नाकात नळी होती. ते म्हणाले, "तिच्या डोक्यात जागा कुठंय? सगळं घर आहे तिथं."

"घर? घर नाही आतोबा. तुम्ही आहात तिथं. तुमची जन्मतारीख, तुमच्या भावांची नातवंडं, तुमच्या आईची तिथी, तुमचा उजवीकडचा अन् डावीकडचा. तुम्ही चिमूट मोकळी ठेवलीत, कारण पाचवी, सहावी, पन्नासावी तार तिनं धरली. ती अकरा खुंट्यांची भिंत कसली सांगताय? बारावी खुंटी खाली चुलीपाशी बसलीय."

मरणाच्या दारातल्या माणसाला हे बोलायला नको होतं असं घरातले सगळे म्हणाले. मला अजून तसं वाटत नाही. मशीन फुसफुसत होतं. आतोबांनी आत्याला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. ते म्हणाले, "आजपासून रोज एक काळजी मला दे. तुझी. म्हणजे माझीच, तुझ्याकडे ठेवलेली."

आत्याला वाटलं, ताप डोक्यात गेला. पण ते ऐकेनात. मग तिनं भीत भीत पहिली दिली, गॅसच्या सिलेंडरचा नंबर लावायची तारीख. आतोबांनी ती घोकली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची तिथी. तिसऱ्या दिवशी उजवीकडच्याची चावी. ज्या माणसानं जन्मभर काही लक्षात ठेवायचं नाकारलं, तो श्वास पुरत नसताना पुतण्यांच्या सुनांची नावं पाठ करत पडला होता. एकदा खिडकीतून त्यांनी उजवीकडच्याला पहिल्यांदाच त्याच्या नावानं हाक मारली. तो बिचारा पांढराफटक पडून आत धावत आला आणि आत्याला म्हणाला, "वहिनी, नातेवाइकांना बोलावून घ्या, यांचं काही खरं नाही."

आणि जितकी जागा होईल तितकंच ते तिला शिकवत. पहिला आठवडाभर फक्त मशीनचा काटा. मी म्हणाले, अहो दिवस मोजके आहेत, भराभर सांगा. त्यांनी हात हलवून मला गप्प केलं. "तार जुन्या तारेला," म्हणाले. मशीनचा काटा म्हणजे शेगडीचं बटण, फक्त या शेगडीजवळ काडी ओढायची नाही. बाटलीतलं पाणी म्हणजे डाळीत बोटाच्या पेरापर्यंत घालतेस तसं, रेघेपर्यंत. जाळी म्हणजे चहाची गाळणी. चाळीस वर्षं या बाईच्या हातांना जे येत होतं त्यालाच ते एकेक गाठ मारत गेले. काटा बसला तेव्हा पाणी, पाणी बसलं तेव्हा जाळी, मग सिलेंडरची चावी. आणि मग एका दुपारी, पाटीवर, न. ग. र. म. आत्या पाटी मांडीवर घेऊन बसली तेव्हा आतोबांनी सवयीनं विचारलं, "काळजी काय टांगतेस?" ती म्हणाली, "तुमीनच." तुम्हीच. त्यांना ऐकू आलं नसावं, कारण त्यांनी मान डोलवून "बरं, बस" म्हटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भरदुपारी गल्लीची वीज गेली. मी पर्वत पाटियाला सभेत होते. उजवीकडच्याचा फोन आला आणि मी रिक्षा करून धावले. वाटेत माझ्या डोक्यात त्या एकोणीस मागण्यांसारखं सगळं एकदम उसळत होतं. तिला सिलेंडरची चावी सापडली असेल का, उलटी फिरवली तर, घाबरून बाहेर पळाली असेल तर. पोहोचले तर मशीन गप्प, सिलेंडर चालू, आतोबा डोळे मिटून पडलेले, छाती हळूहळू हलतेय, आणि आत्या त्यांच्या पायाशी बसून तांदूळ निवडतेय.

"चाबी फिराई दिधी," ती म्हणाली. "बस."

त्या दिवशी आतोबा फार खूश होते. तीन आठवड्यांनी गेले. सकाळी, वीज असताना, मशीन चालू असताना, काटा दोनवर असताना. तिच्या हातून काहीही चुकलं नव्हतं, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते. अक्षरं मात्र चौदाच झाली होती. बाकीची राहिली.

तेराव्याला पाहुणे जमले आणि जेवणं झाल्यावर प्रत्येकानं आत्याला उपदेश करायला घेतला. दाखला काढा, गॅसचं नाव बदला, खोली विका, गावी चला, बँकेत जा, बँकेत एकट्या जाऊ नका, सही शिका, सही कुठंच करू नका. दहा तोंडं एकदम. मला वाटलं आता ही पुन्हा सगळ्यांना मान डोलवेल. आत्यानं पदर सावरला, आणि आतोबांसारखंच बोट वर केलं.

"एक गोठ सांगा," ती म्हणाली. "बाकीनं खुंटीले टांगी द्या."

एकच गोष्ट सांगा, बाकीच्या खुंटीला. कुणाला काही कळेना. महिन्याभरानं मशीन परत करायचं होतं. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली, उजवीकडच्याच्या हातगाडीवर मशीन पाठवून दिलं आणि स्वतः बसनं हॉस्पिटलात गेली. परत आल्यावर मी विचारलं, पाट्या वाचता आल्या? म्हणाली, सगळ्या नाही. नगर तेवढं वाचलं. तेवढ्यावर पोहोचता येतं.

वर्ग आम्ही पुन्हा सुरू केला. आता शिकवते मी. माझं पत्रक हल्ली एका ओळीचं असतं आणि संघटनेतले लोक त्यावरून मला टोमणे मारतात. पहिल्या दिवशी उत्साहात मी फळ्यावर सहा अक्षरं लिहिली. मागून आत्याचा आवाज आला, "चार." मी दोन पुसली. ती आता वर्गात बसते, पंधराव्या अक्षरावर आहे. त्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या पिशव्या, डबे अडकवले, काळज्या सांगितल्या. आत्याची पाळी आली तेव्हा तिनं पदराखालून आतोबांच्या कमरेची ती राखेची छोटी कापडी पिशवी काढली आणि शेवटच्या खुंटीला अडकवली. सांगितलं काहीच नाही.

वर्ग सुटल्यावर नियमाप्रमाणे सगळ्यांनी आपापलं काढून घेतलं आणि जिना उतरून गेले. पिशवी तेवढी राहिली. जाताना घेऊन जायचं, असा नियम आहे. पण आत्या कुठं जाणार? ती तिथंच तर राहते.